कोणत्या रमाबाई?

(बिबवेवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. इतिहास हा माझा विषय नव्हे, आणि साहित्याचा मी केवळ वाचक आहे. तरीही महागाई, अंदाजपत्रक हे माझे नेहमीचे विषय आज बाजूला ठेवून मी एका नावाविषयी बोलणार आहे. याला कारण घडले ते आपले वाचनालय.

वरच्या वस्तीत दोन खोल्यांची जागा मिळाली तेव्हा तेथे स्त्रियांसाठी आणि मुलींसाठी वाचनालय काढावे असे आपण ठरवले. बैठकीत 'रमाबाई वाचनालय' हे नाव सुचवले गेले आणि ते एकमताने मंजूर झाले. आपल्या चळवळीत एखादा ठराव चर्चेवाचून मंजूर झाला की मला थोडी धास्ती वाटते. या वेळी ती खरी ठरली. फलक रंगवणाऱ्याने पूर्ण नाव मागितले तेव्हा उघडकीस आले की, आपले एकमत फक्त चार अक्षरांवर झाले होते. आपल्यातील निवृत्त शिक्षिकेच्या मनात रमाबाई रानडे होत्या. मार्केट यार्डात कांदा निवडायला जाणाऱ्या दोघी भगिनींच्या मनात रमाई, म्हणजे रमाबाई आंबेडकर होत्या. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्तीने पंडिता रमाबाई गृहीत धरल्या होत्या. आणि शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी, जे आपल्या पक्षाचे नाहीत, दारातूनच विचारले, "अहो, थेऊरच्या रमाबाई काय वाईट?"

भांडण झाले नाही. परंतु एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला भांडणापेक्षा अधिक चिंताजनक वाटली. प्रत्येकीला आपल्या रमाबाई ठाऊक होत्या. दुसरीच्या रमाबाईंविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. जातीने आपल्या वस्त्याच वेगळ्या केल्या असे नाही, आपल्या आठवणीही वेगळ्या केल्या आहेत. म्हणून या चौघींना आज एका ठिकाणी बसवून पाहावे, असे मी ठरवले. चौघींचाही पुण्याशी किंवा पुण्याच्या आसपासच्या भूमीशी संबंध आहे. नाव एक, पण ते नाव प्रत्येकीला कसे मिळाले, त्या नावामागे कोणते साधन उभे होते आणि इतिहासाने त्या नावाला कोणते विशेषण जोडले, हे तीन प्रश्न मी चारही वेळा विचारणार आहे.

थेऊर

पहिल्या रमाबाई म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊर येथे क्षयाने वारले. त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई त्याच ठिकाणी सती गेल्या. थेऊर येथून फार दूर नाही. चिंतामणीच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक जण जातात आणि नदीकाठचे ते स्मारक पाहून हात जोडतात.

या स्त्रीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते जवळजवळ सारे इतरांनी सांगितलेले आहे. आज मराठी घरांतून त्यांची जी प्रतिमा आहे ती मुख्यतः रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या १९६२ च्या कादंबरीने निर्माण केली. कादंबरी समर्थ आहे, आणि म्हणूनच तिचा प्रभाव तपासला पाहिजे. एका तरुण स्त्रीचे जिवंत जळणे हा प्रेमकथेचा स्वाभाविक शेवट आहे, असे मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना वाटत आले. मी त्या वाचकांपैकी एक आहे.

सती जाणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, असे सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही शिकवतो की, निवड म्हणायची तर दुसरा पर्याय असावा लागतो. अपत्य नसलेल्या ब्राह्मण विधवेपुढे त्या काळी पर्याय कोणता होता? केशवपन, एकवेळचे जेवण, आणि दिरा-चुलत्यांच्या मर्जीवर काढायचे उरलेले आयुष्य. याउलट त्याच शतकातले दुसरे उदाहरण पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाईंना सती जाण्यापासून सासरे मल्हारराव यांनी परावृत्त केले, आणि पुढे कारभारच त्यांच्या हाती आला. १७९५ पर्यंत त्यांनी जे राज्य केले त्याचे गोडवे आजही देशभर गायिले जातात. दोघींच्या निष्ठेत फरक होता असे मी मानत नाही. एकीपुढे पर्याय ठेवला गेला, दुसरीपुढे ठेवला गेला नाही.

मुंबई इलाख्यात सतीबंदीचा कायदा १८३० मध्ये आला. तो येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाल्यावर, ४ सप्टेंबर १९८७ रोजी, राजस्थानात देवराळा येथे अठरा वर्षांची रूपकंवर जाळली गेली आणि तिच्या चितेच्या जागी हजारोंची जत्रा भरली.

या तारखेशी माझ्या आयुष्यातली एक गोष्ट जोडलेली आहे. ती मी पत्नीच्या परवानगीने सांगतो. ती मागच्या रांगेत बसली आहे. माझे लग्न १९८६ साली झाले. आमच्याकडील रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून वधूचे नवे नाव अंगठीने लिहायचे होते. मी तेव्हा पक्षाचे काम करीत होतो, हुंडा घेतला नव्हता, मानपान नाकारले होते आणि त्याचा मला अभिमान होता. तांदळात मी 'रमा' असे लिहिले. 'स्वामी' माझ्या मनात भरलेली होती. हे नाव तिला हवे आहे का, असे विचारावे हे मला सुचलेसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी देवराळ्याच्या निषेधार्थ आपण मोर्चा काढला, त्यात मी घोषणा देत होतो. घरी आल्यावर पत्नीने शांतपणे विचारले, "ज्या बाईचे नाव तुम्ही मला दिलेत, ती कशी मेली हे तुम्हाला ठाऊक होते ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. आजही नाही.

केडगाव

दुसऱ्या रमाबाईंचे नाव मात्र कोणी बदलले नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत राहिले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी देश हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चौघींच्या नावाला लागलेल्या विशेषणांपैकी एवढे एकच विशेषण विद्येबद्दल मिळालेले आहे.

त्यांनी जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी, १८८० मध्ये नोंदणी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. कडेवर मुलगी मनोरमा. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा राहिला. एका मराठी विधवेने लेखणीच्या कमाईवर समुद्र ओलांडला, ही घटना आमच्या आर्थिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती. ती मी तरी कोठे वाचली नाही आणि शिकवलीही नाही.

इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुण्याचे बहुतेक दरवाजे बंद झाले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथील विद्यार्थिनींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात रमाबाईंकडून काहीच चुकले नाही असे मी म्हणणार नाही. परंतु धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी विधवांसाठी दुसरे छप्पर उभारले? धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून ते उभारले. त्यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी विवाह केला त्या गोदूबाई शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी होत. आणि गंमत पाहा, पुनर्विवाहासारखे धाडसी पाऊल टाकतानाही गोदूबाईंचे नाव बदलून आनंदीबाई झालेच. रूढीच्या एवढ्या भिंती पाडणाऱ्यांनाही ही एक भिंत दिसली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावात मुक्तिसदन उभे राहिले. तेथे स्त्रिया शेती करीत, विणकाम करीत, छापखान्यात खिळे जुळवीत. भाकरीच्या कामाशी न जोडलेली स्त्रीमुक्ती टिकत नाही, हे त्या दुष्काळातून शिकल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावातच वारल्या. पुणेकरांनी त्यांना पुष्कळ काळ आठवणीबाहेर ठेवले.

सदाशिव पेठेच्या वाटेवर

तिसऱ्या रमाबाई जन्माने रमाबाई नव्हत्या. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी यमुना. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि कुमारिका घरात आली. यमुनेची रमा झाली.

या यमुना नावाची कथाही पाहण्यासारखी आहे. बाबा पदमनजी यांच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीत विधवांची दुःखे पाहत हिंडणारी नायिका यमुना. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात येऊ लागली, तिची नायिका यमू. परदेशी जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. म्हणजे कादंबरीतल्या यमुना यमुनाच राहिल्या आणि हाडामांसाच्या यमुना कोणी रमा झाल्या, कोणी आनंदी झाल्या. लेखकाने आपल्या नायिकेला जेवढे आपले नाव राखू दिले, तेवढे समाजाने आपल्या मुलींना राखू दिले नाही.

रानड्यांनी पत्नीला स्वतः शिकवले, आणि ते शिक्षण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या रोषाला तोंड देत पार पडले. पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात जाऊ लागल्यावर तो रोष वाढला. येथे आपल्या दोन रमाबाई एकमेकींना भेटतात. पुण्यात एक बोलत होती आणि दुसरी ऐकायला जात होती, आणि त्या जाण्याबद्दल घरी आल्यावर अबोला सोसत होती. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्यानंतर या स्त्रीने सार्वजनिक कामाला वाहून घेतले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले. प्रौढ स्त्रियांना शिकवून शिक्षिका करणे, परिचारिका करणे, स्वतःच्या मिळकतीवर उभे करणे, हे त्याचे काम होते. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाल्या. शीर्षकातील 'आमच्या' हा शब्द पाहा. आयुष्य दोघांचे आहे, पण लेखणी त्यांची आहे.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा पुरणार नाही, सबब सक्ती आधी मुलग्यांपुरती करावी, असा युक्तिवाद पुढारी म्हणवणाऱ्या मंडळींनी केला. रमाबाई रानडे याविरुद्ध स्त्रियांना घेऊन रस्त्यावर आल्या. साथींनो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? तिजोरी अपुरी पडली की पहिली कात्री मुलीच्या वाट्याला लागते. मी अंदाजपत्रकांचा अभ्यास केला आहे. गेल्या शंभर वर्षांत भाषा सुधारली, कात्रीची सवय गेली नाही.

परळची चाळ

चौथ्या रमाबाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. माहेरी त्यांना रामी म्हणत. वडील दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि मुलगी मुंबईत नातलगांकडे वाढली. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, दुकाने बंद झाल्यावर रात्री, भीमराव आंबेडकरांशी त्यांचे लग्न लागले. लग्नासाठी मंडप घालायला जागा मिळणे हेही जात आणि पैसा यांवर ठरत होते, हे त्या बाजारातल्या लग्नावरून समजावे.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य आपण 'त्याग' या एका शब्दात गुंडाळून ठेवतो. मी अर्थशास्त्राचा माणूस म्हणून तो शब्द उलगडून पाहतो. पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. एकटे यशवंत जगले. पती १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशात. परळच्या चाळीत घर चालवायचे, गोवऱ्या थापायच्या, आण्याआण्याचा हिशेब ठेवायचा आणि पत्रातून आपल्या अडचणी कळवून पतीचे लक्ष अभ्यासावरून उडू द्यायचे नाही. १९२३ मध्ये लंडनला बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारताच्या चलनाच्या इतिहासावरील तो मूलभूत ग्रंथ मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. तो लिहिला जात होता त्या काळात परळला तोच रुपया पुरवून पुरवून खर्च करणारी एक स्त्री होती, हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. चौकटीत ते बसत नव्हते. २७ मे १९३५ रोजी रमाबाई वारल्या. बाबासाहेबांनी १९४० चा आपला पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. माझ्या वाचनात, ते ऋण मान्य केल्याची नोंद आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. १८९२ मध्ये रानड्यांनी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. आमच्या विषयाचा येथला पाया त्या व्याख्यानाने घातला. १९४३ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी याच पुण्यात रानड्यांवर भाषण केले आणि त्यांच्या मोठेपणाची चिकित्सा केली. दोन अर्थशास्त्रज्ञांची ही गाठ आम्ही प्राध्यापक आवर्जून सांगतो. त्या दोघांच्या पत्नींचे नाव एकच होते, हे मात्र मला निवृत्त झाल्यावर, फलक रंगवणाऱ्याने पूर्ण नाव विचारले तेव्हा जाणवले. एकीचे चरित्र तिच्या स्वतःच्या हातचे आपल्यापाशी आहे, दुसरीचे नाही. दोघींच्या बुद्धीत अंतर होते म्हणून असे झाले नाही. एकीच्या हाती पाटी दिली गेली, आणि दुसरी ज्या समाजात जन्मली त्याला पाटीला शिवूसुद्धा दिले जात नव्हते.

रमाईंचे नाव आज गरिबांच्या वस्त्यांना आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक जमले, राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मेले. शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात चार दिवसांनी आत्महत्या केली. ज्या पंथातल्या, ज्या पेठेतल्या लोकांना 'रमाबाई' म्हटल्यावर फक्त रानडेच आठवतात, त्यांनी ही तारीखही पाठ केली पाहिजे.

नाव आणि नावावर

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. मराठीत आपण दोन शब्दप्रयोग करतो. स्त्रीला नाव असते; आणि घर, जमीन, दुकान कोणाच्या तरी 'नावावर' असते. पहिले नाव आपण कौतुकाने ठेवतो, देवीदेवतांची नावे शोधून ठेवतो. दुसऱ्या बाबतीत आपले कौतुक आटते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतात राबणाऱ्यांत त्यांचा वाटा किती, हे तुम्हांला सांगायला नको. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत असे आढळले की, घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच आपण ज्याला 'त्याग' म्हणून हार घालतो ती वस्तू. न दिलेल्या मजुरीचे ते सोज्ज्वळ नाव आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. शेतकरी संघटनेची 'लक्ष्मीमुक्ती' ही मोहीम, जिच्या इतर अर्थकारणाशी आपला मतभेद होता आणि आहे, तिने गावोगावच्या पुरुषांना पत्नीच्या नावे जमीन करायला लावली. हे श्रेय आपण मोकळेपणाने दिले पाहिजे. २०२१ पासून घर स्त्रीच्या नावाने घेतल्यास राज्यात मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेऊन तिला साडीचोळी देण्याची पद्धत आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतसुद्धा चालू आहे, आणि सवलतीसाठी पत्नीच्या नावावर घेतलेल्या घराचे कपाट कोणाच्या किल्लीने उघडते, हेही आपण जाणतो.

माझ्याच घरचे सांगतो. पत्नी शाळेत शिक्षिका होती. तिची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने, नोकरी सासरच्या नावाने. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयाने तिचे कागद आठ महिने अडकवून ठेवले. अखेर तिला प्रतिज्ञापत्र करावे लागले की, अमुक नावाची स्त्री आणि तमुक नावाची स्त्री या दोन्ही एकच आहेत. त्या प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि हेलपाटे यांचे मूळ १९८६ च्या तांदळाच्या ताटात होते. ते करून आम्ही रिक्षाने परत येत असताना ती म्हणाली, "नाव तुम्ही एका मिनिटात बदललेत. घर कोणाच्या नावावर आहे?" बिबवेवाडीतले आमचे घर माझ्या एकट्याच्या नावावर होते. कर्जाचे हप्ते वीस वर्षे दोघांच्या पगारांतून गेले होते. मी समतेवर शेकडो भाषणे दिली आहेत. सोसायटीच्या भागपत्रावर तिचे नाव चढवायला मला निवृत्ती उजाडावी लागली. हे सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगतो. कारण या सभागृहात मी एकटाच असा आहे असे मला वाटत नाही.

वाचनालयाचा फलक

मग वाचनालयाला कोणत्या रमाबाईंचे नाव द्यायचे? माझे मत असे की, फलकावर 'रमाबाई वाचनालय' एवढेच असावे आणि आत भिंतीवर चौघींची माहिती असावी. थेऊरच्या रमाबाईंचीही असावी; त्यांच्याविषयी आदर बाळगून, परंतु जे घडले त्याला सती जाणे न म्हणता जाळले जाणे म्हणून. वस्तीतल्या मुलीने रानड्यांच्या आठवणी वाचाव्यात आणि पेठेतून येणाऱ्या शिक्षिकेने परळच्या चाळीतला हिशेब समजून घ्यावा, एवढे जरी त्या दोन खोल्यांत घडले तरी पुष्कळ झाले.

त्याबरोबर दोन कामे सुचवतो. पहिले असे की, या प्रभागातील आपल्या सभासदांनी आपापल्या घराचा कागद काढून पाहावा आणि पुढच्या बैठकीत तो कोणाच्या नावावर आहे ते सांगावे. मोर्चे शासनावर काढायचे असतात. हा मोर्चा घराच्या कपाटापर्यंतच न्यायचा आहे, म्हणून अवघड आहे. दुसरे काम आपल्या कार्यालयातले. आपल्या सभासद-वहीत पन्नास-साठ स्त्रियांची नावे 'सौ.' आणि पुढे पतीचे नाव अशी लिहिली आहेत. काही ठिकाणी तर तिचे स्वतःचे नावच नाही. १९९३ पासून पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकरी स्त्रियांची पंचायत काम करते. तिने या स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या नावाची ओळखपत्रे मिळवून दिली. जिला गाव 'कचरेवाली' म्हणत होते तिला आपले नाव छापील पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करा. कचरा वेचणाऱ्या भगिनींच्या संघटनेला जे साधले ते समाजवाद्यांच्या वहीला का साधू नये?

फलक रंगवणारा पुढच्या रविवारी येणार आहे. त्याआधी ती वही आपण टेबलावर उघडून ठेवू. प्रत्येक भगिनीने येऊन स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहावे. माहेरचे, सासरचे किंवा तिला हवे ते. जिला लिहिता येत नसेल तिला शिकवायला माझी पत्नी तयार आहे. तिने मला असेही सांगून ठेवले आहे की, पहिल्या ओळीत ती स्वतःचे नाव लिहिणार आहे, आणि ते कोणते लिहिणार हे मला आधी सांगणार नाही.